आधी तास, मग दर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न एका ओळीचा: ‘ग्राहकाच्या मागच्या अंगणात १००० चौरस फुटांचं लॉन करायचं आहे, दर काय लावू?’ जोडीला तक्रार, की मागच्या वेळी कुणीतरी कमी भाव दिला आणि काम त्याला गेलं, तर आपणही खाली यायचं का? क्षेत्रफळ तेवढं कळवलंस. माल कुठे उतरणार, तिथून अंगण किती लांब, वाटेत पायऱ्या किती, याबद्दल एक शब्द नाही. मग मी दर सांगू कशाचा? चौरस फूट ही ग्राहकाच्या सोयीची भाषा. आपला खर्च तासांत होतो. आधी तास, मग दर.

तुझंच लॉन घे. जमिनीची पातळी आहे तीच ठेवायची, म्हणजे ४ इंच जुनी माती काढून ४ इंच नवी भरायची. जागेवर ही ३३३ घनफूट होते. पण उकरलेली माती फुगते. २५ टक्के धरलेस तर बाहेर न्यायची ४१६. आत येणारी माती पाणी मारल्यावर बसते, म्हणून २० टक्के वाढवून ४०० मागवायची. एकचाकी गाडीत अडीच घनफूट मावत असेल तर नेण्या-आणण्याच्या मिळून ३२६ फेऱ्या झाल्या. ट्रक कुंपणाला लागत असेल तर भरणं-ओतणं धरून फेरीला ३ मिनिटं. बाजूच्या बोळातून, पायरीवर फळी टाकून जायचं असेल तर सहज ६. म्हणजे एकीकडे १६ तास, दुसरीकडे साडेबत्तीस, आणि क्षेत्रफळ दोन्हीकडे तेच! खोदाई, लेव्हल, खत, तयार हिरवळीचे रोल अंथरणं यात अजून धरलेलंच नाही. आता सांग, ‘चौरस फुटाला अमुक’ म्हणणारा यातल्या कुठल्या अंगणाचा भाव सांगतोय?

पेव्हर ब्लॉकच्या पायवाटेतही हेच. सगळे ब्लॉक मोजतात. ६० मिमीचा ब्लॉक, खाली १ इंच वाळू, त्याखाली ४ इंच दाबलेली खडी. म्हणजे खोदाई जवळजवळ साडेसात इंच. ती माती कोण उचलणार? सरळ मांडणीला ५ टक्के वेस्टेज पुरतं, तिरपी किंवा गोलाईची असेल तर १० ते १५ धर. पण खरा वेळ खातो तो ब्लॉक कापायचा कटर, आणि तोही तासांतच मोजायचा.

आता तासाची किंमत. इथे हुशार पोरंही घसरतात. मजुरी ८ तासांची देतोस. जाणं-येणं, अवजारं चढवणं-उतरवणं, आवराआवर वजा जाता अंगणात हात चालतो तो ६ तास. तेव्हा कामाचा एक तास तुला मजुरीच्या एक तृतीयांश जास्त पडतो. त्यावर गाडी, इंधन, अवजारांची झीज, फोन, कोटेशनं देण्यात जाणारा तुझा स्वतःचा वेळ. हा वर्षाचा खर्च मांड आणि वर्षात खरोखर विकल्या जाणाऱ्या तासांनी भाग. मालाच्या किमतीवर टक्के चढवून तो वसूल करू नकोस. महाग झाड एका खड्ड्यात बसतं आणि स्वस्त खडी दिवसभर वाहावी लागते.

नफ्याचं एकदाच सांगतो. १०० खर्चावर २० चढवलेस तर विक्रीवर नफा पावणेसतरा टक्क्यांच्याही आत राहतो. विक्रीवर २० टक्के हवेत तर १०० ला ०.८ ने भाग, १२५ येतील. आणि त्या १२५ वर ग्राहकाने ‘दहा टक्के तरी सोडा’ म्हटलं की साडेबारा गेले, म्हणजे निम्मा नफा. सोडायचंच असेल तर काम सोड: झाडं लहान घे, पायवाट अरुंद कर. तेच काम कमी पैशात म्हणजे पहिला भाव फुगवलेला होता, हे आपणच कबूल केल्यासारखं.

मला लोक चिकट म्हणतात. कोटेशनला वेळ लावतो, भाव हलवत नाही. म्हणू देत. जो तिथल्या तिथे आकडा फेकतो तो एक तर कशावर तरी पांघरूण घालतो, नाहीतर कामगारांच्या घामातून भरपाई करतो. ज्याने तुझं काम नेलं त्याने तास मोजले होते की नाही, तुला ठाऊक नाही. मग त्याच्या आकड्याला घाबरायचं कशाला?

कोटेशनमध्ये काय धरलेलं नाही तेही लिही: खोदताना लागलेला खडक, जुनं काँक्रीट, जमिनीखालचे पाइप. वाढीव काम लेखी संमती मिळाल्यावरच. झाड मेलं तर बदलून किती दिवस देणार आणि पाणी घालायची जबाबदारी कोणाची, हेही स्पष्ट कर.

आता टेप घेऊन पुन्हा जा. बोळाची रुंदी सर्वांत अरुंद जागी माप, मीटरची पेटी आणि उघडलेलं फाटक धरून. भरलेली एकचाकी गाडी एकदा नेऊन आण आणि घड्याळ लाव. मला दर कळवू नकोस. नुसता तासांचा रकाना पाठव.