प्राणी नामशेष का होतात आणि आपण त्यांना खरंच वाचवू शकतो का?

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर: हो, वाचवू शकतो. पण नेमकं काय मारतंय ते सापडलं तरच, आणि ते प्रत्येक प्रजातीचं वेगळं असतं.

जंगलतोड, शिकार, प्रदूषण, हवामानबदल ही यादी तुम्ही शाळेत पाठ केलीच असेल. ती खरी आहे, पण तेवढ्यावर एकही प्राणी वाचत नाही. मला हे पटलं ते गिधाडांमुळे.

१९९० च्या दशकात भारतीय उपखंडात गिधाडं पटापट मरू लागली. अन्नाची कमी नव्हती, त्यांची शिकारही कुणी करत नव्हतं. फांदीवर बसलेला पक्षी दिवसेंदिवस मान खाली टाकून बसायचा आणि एक दिवस खाली पडायचा. आधी सगळ्यांना एखाद्या साथीचा संशय होता. मेलेल्या गिधाडांच्या शवविच्छेदनाचे फोटो मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा बराच वेळ नजर हटेना. काळीज, यकृत, सगळ्यावर खडूची भुकटी शिंपडल्यासारखा पांढरा थर. मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे साचलेलं ते युरिक ॲसिड होतं.

२००४ मध्ये उलगडा झाला. गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जात होतं. पांढऱ्या पाठीची गिधाडं पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घटली, आणि त्यासाठी शंभरातलं एखादं ढोर विषारी असणंही पुरेसं होतं. कारण एकाच मेलेल्या जनावरावर गिधाडांचा अख्खा थवा उतरतो. शिवाय गिधाड वयात यायला पाचेक वर्षं लागतात आणि मादी वर्षाला एकच अंडं घालते. असे सावकाश वाढणारे जीव थोडेसे जादा मृत्यूही भरून काढू शकत नाहीत. हत्ती, देवमासे, माळढोक या सगळ्यांचं दुखणं हेच आहे.

भारत, नेपाळ आणि पाकिस्तानने २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जातच राहिल्या, म्हणून भारतात २०१५ मध्ये माणसांसाठीचं इंजेक्शनही ३ मिलीच्या एकाच मात्रेत विकायची सक्ती झाली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय हाताशी होता, म्हणून बंदीला अर्थ होता. पर्याय न देता घातलेली बंदी शेतकरी पाळणार कशी?

पिंजऱ्यात पैदास केली की काम झालं, असं अनेकांना वाटतं. कॅलिफोर्निया काँडोर हे अमेरिकेतलं मोठं गिधाड; १९८२ मध्ये ते जेमतेम २२ उरले होते. पहिलं अंडं उचलून कृत्रिमरीत्या उबवलं की जोडी दुसरं घालते, हे हेरून त्यांची संख्या वाढवली. पिल्लांना माणसाची सवय लागू नये म्हणून काँडोरच्या डोक्याची बाहुली हातात घालून भरवलं. किती जीव लावून केलेलं काम! आज ते पाचशेच्या वर आहेत. पण शिकाऱ्यांच्या गोळ्यांतलं शिसं मेलेल्या जनावरांत अजूनही असतं, आणि सोडलेले काँडोर ते खाऊन आजही मरतात.

तुम्ही काय करू शकता? घरी किंवा ओळखीत कुणाकडे गुरं असतील, तर पुढच्या वेळी डॉक्टर इंजेक्शन देताना औषधाचं नाव विचारा. डायक्लोफिनॅकच नव्हे, किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही दुखण्यावरची औषधंही गिधाडांना घातकच आहेत. मेलॉक्सिकॅम द्या म्हणा.