बीटाची चकती आणि पुढची शाखा

प्रिय विद्यार्थिनी,

अन्नतंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला आहेस. विजेच्या स्पंदांनी वनस्पतींतली उपयुक्त द्रव्यं काढण्यावरचं व्याख्यान ऐकलंस आणि विचारतेस, "यातच पुढे जाऊ का? पण वीज म्हटलं की पोटात गोळा येतो."

आधी बीटाच्या दोन सारख्या चकत्या घे. एक रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव, दुसरी नुसती फ्रीजमध्ये. सकाळी दोन्ही धुऊन गार पाण्याच्या वेगवेगळ्या ग्लासांत टाक. गोठलेलीचं पाणी बघता बघता गर्द होईल, कारण बर्फाच्या स्फटिकांनी तिची पेशीपटलं, म्हणजे पेशींभोवतीचे पातळ पडदे, फाडलेली असतात. विद्युतक्षेत्र हेच काम मायक्रोसेकंदांच्या झटक्यांनी करतं, पटलाला बारीक छिद्रं पाडून. (घरी तारा जोडून बघायच्या नाहीत. हे मला दरवेळी लिहावं लागतं.)

पटलावर साधारण १ व्होल्टचा ताण आला की ते सच्छिद्र होतं. पेशी जितकी मोठी, तितकं क्षेत्र कमी पुरतं. म्हणून वनस्पतीला सेंटीमीटरमागे १ किलोव्होल्टच्या आसपास भागतं, इवल्याशा जिवाणूंना मारायला त्याच्या कितीतरी पट लागतं. ऊर्जा म्हणशील तर किलोमागे ५ किलोजूल दिले तरी माल जेमतेम सव्वा अंशाने तापतो, त्यामुळे बीटाचा नाजूक रंग टिकतो. वाळलेल्या पाल्यावर मात्र फारशी मात्रा चालत नाही. ओल हवी, पटल शाबूत हवं.

आता नोकरीचं. औषधी अर्कांची स्वप्नं बघत असशील, पण कारखान्यांत हे तंत्र रुळलं ते बटाट्यावर. फोडी सफाईने कापल्या जाव्यात म्हणून. वाइनसाठीच्या द्राक्षांवर ते वापरायला आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेने २०२० मध्ये मान्यता दिली. क्षेत्र वाढतंय, पण एका यंत्राच्या नावावर पदवी बेतू नकोस. पेशीचं दार उघडल्यावर गाळणं, शुद्ध करणं, सुकवणं, मोजणं राहतंच आणि माणसं तिथेच जास्त लागतात. पदव्युत्तरला पृथक्करण प्रक्रिया घे, प्रबंधाला हा विषय.

विजेची भीती? स्पंद तयार करणारं यंत्र विद्युत अभियंते बांधतात. तुला त्यांच्याशी बोलता यावं इतपत कपॅसिटर (वीज साठवून सोडणारा भाग) आणि वाहकता (पदार्थातून वीज किती सहज वाहते ते) पक्की कर. छिद्रं पडली की पेशीतले क्षार बाहेर येतात आणि वाहकता वाढते. काम झालं का, हे त्या एका आकड्यावरून कळतं.

ग्लासांतल्या पाण्याचा फोटो पाठव. तो बघून पेशीबद्दल प्रश्न पडले तर वरची वाट धर. यंत्राबद्दलच पडत राहिले, तर शाखेचा विचार पुन्हा करू.