रोजच्या दहा सिगारेटवरून ‘शनिवारी एखादी’ असं जमतं का?

फार थोड्यांना जमतं. संख्या घटली की माणूस नकळत झुरके खोल घेतो, पार फिल्टरपर्यंत ओढतो. निकोटिन त्या प्रमाणात कमी होत नाही. त्यामुळे कमी करायचंच तर दोन-तीन आठवड्यांनंतरची शून्याची तारीख आजच ठरवा. आधी चहासोबतची तोडा, ती बऱ्याचदा फार चिवट असते.

उठल्यावर अर्ध्या तासात पहिली पेटत असेल तर डॉक्टरांना विचारून ४ मिग्रॅचं निकोटिन गम घ्या, नाहीतर २ मिग्रॅचं. ते सतत चघळू नका: चुणचुणलं की गालात दाबून ठेवा, थांबलं की पुन्हा चावा. आधीची १५ मिनिटं कॉफी-सरबत नको, आंबट तोंडात निकोटिन नीट शोषलं जात नाही.

पहिला आठवडा खरंच जड जातो. १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, जरूर फोन करा.