प्रश्न तुमचे: सही नसलेला ड्रायव्हर आणि गेम कंट्रोलरचा अडॅप्टर

प्रश्न : जुन्या पीएस-२ कंट्रोलरसाठी तपकीर गल्लीतून दोन सॉकेटचा यूएसबी अडॅप्टर आणला. सोबतच्या छोट्या सीडीतला ड्रायव्हर विंडोज ११ वर घालताना ‘आयएनएफमध्ये डिजिटल सहीची माहिती नाही’ असं सांगून इन्स्टॉलेशन थांबतं. ही तपासणी कायमची बंद करता येते का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : डिजिटल सही म्हणजे ड्रायव्हर कोणाचा आहे आणि त्यात फेरफार झालेला नाही, याची खूण. पण आधी सीडी बाजूला ठेवून अडॅप्टर नुसता लावून पाहा. असे बहुतेक अडॅप्टर एचआयडी जातीचे (कीबोर्ड, माउससारखी प्रमाणित उपकरणं) असतात आणि त्यांचा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘जॉय डॉट सीपीएल’ चालवा. यादीत ‘ट्विन यूएसबी जॉयस्टिक’सारखं नाव दोनदा दिसलं, तर दोन्ही सॉकेट ओळखले गेले. प्रॉपर्टीजमध्ये बटणं तपासून घ्या. काड्या हलवूनही अक्ष हलत नसतील तर कंट्रोलरवरचं अ‍ॅनालॉग बटण दाबा. त्याचा लाल दिवा लागायला हवा.

इथे सगळं चालतंय, पण गेममध्ये काहीच होत नाही, ही तक्रार फार ऐकू येते. त्यात ड्रायव्हरचा दोष नाही. कंट्रोलर आणि गेम यांच्या संवादाच्या विंडोजमध्ये दोन पद्धती आहेत: हा अडॅप्टर जुनी डायरेक्टइनपुट बोलतो आणि नवे बरेच गेम फक्त एक्सइनपुट ऐकतात. स्टीम या गेमच्या अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये कंट्रोलर विभागात जाऊन जेनेरिक कंट्रोलरसाठी स्टीम इनपुट चालू केलं की काम भागतं.

सीडीतल्या ड्रायव्हरमुळे मिळतं ते मुख्यतः व्हायब्रेशन. ते हवंच असेल तर सीडीतली आयएनएफ फाइल (ड्रायव्हर बसवण्याच्या सूचनांची फाइल) नोटपॅडमध्ये उघडून ‘एनटीएएमडी६४’ (NTamd64) हा ६४ बिटची खूण असलेला शब्द शोधा. तो नसेल तर ड्रायव्हर ३२ बिटचा आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, त्यामुळे सहीची तपासणी बंद करूनही तो चालणार नाही, तिथेच थांबा. आयएनएफमध्ये स्वतः फेरफार मात्र करू नका. ज्या ड्रायव्हरला सही असते, त्याच्या कॅटलॉग फाइलमध्ये (सही याच फाइलवर असते) आयएनएफचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, नोंदलेला असतो. एक अक्षर बदललं तरी तो जुळत नाही आणि असलेली सहीही वाया जाते.

शब्द सापडला तर शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट निवडा. निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट या क्रमाने जा आणि यादी आली की ७ किंवा एफ७ दाबा, म्हणजे सहीची तपासणी तात्पुरती बंद होईल. डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या एन्क्रिप्शनने) कुलूपबंद असेल तर मध्येच रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधीच उतरवून ठेवा. संगणक सुरू झाल्यावर ड्रायव्हर घाला, लाल इशारा आला की ‘तरीही इन्स्टॉल करा’ हा पर्याय घ्या.

ही सूट पुढच्या रीस्टार्टपर्यंतच असते. तपासणी दोनदा होते, हे लक्षात घ्या: पॅकेजची सही इन्स्टॉल करताना एकदाच पाहिली जाते, पण कर्नलमध्ये (विंडोजच्या गाभ्यात) चालणाऱ्या एसवायएस या ड्रायव्हर फाइलची सही ती लोड होताना प्रत्येक वेळी. म्हणून पॅकेजमध्ये नुसती डीएलएल (कर्नलबाहेर चालणारी साहाय्यक फाइल) असेल तर एकदाची सूट पुरते. स्वतःची, सही नसलेली एसवायएस असेल तर रीस्टार्टनंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड ५२ (सही पटली नाही) दिसेल.

तपासणी कायमची बंद ठेवायला टेस्ट मोड, म्हणजे ड्रायव्हर बनवणाऱ्यांसाठीची चाचणी-अवस्था, सुचवला जातो. आमचं स्पष्ट उत्तर ‘नाही’ असं आहे. त्यासाठी सिक्युअर बूट (संगणक सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) बंद करावं लागतं, व्हॅलोरंटसारखे गेम मग सुरूच होत नाहीत, आणि टेस्ट मोडलाही किमान चाचणीपुरती केलेली सही लागते, अजिबात सही नसलेली फाइल तोही घेत नाही. कर्नलमधल्या कोडला संपूर्ण संगणक मोकळा असतो. कंट्रोलर थरथरावा म्हणून ते दार कायमचं उघडं ठेवू नये.

प्रश्न : एक्सबॉक्स ३६० च्या वायरलेस कंट्रोलरसाठी घेतलेला स्वस्त रिसीव्हर ‘अननोन डिव्हाइस’ दिसतो, कोड २८ येतो. इंटरनेटवर सही नसलेला ड्रायव्हर मिळतोय, घालू का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : घालू नका, मायक्रोसॉफ्टचा सही असलेला ड्रायव्हरच इथे चालतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज पाहा. अस्सल रिसीव्हरचा पीआयडी (उत्पादनाचा ओळख-क्रमांक) ०७१९ असतो, नकलांचा बहुधा ०२९१. आकडा जुळत नाही म्हणून विंडोज आपणहून ड्रायव्हर जोडत नाही, तो हाताने जोडायचा: अपडेट ड्रायव्हर, ब्राउझ माय कॉम्प्युटर, लेट मी पिक, मग एक्सबॉक्स ३६० पेरिफेरल्स आणि त्यात ‘वायरलेस रिसीव्हर फॉर विंडोज’. सुसंगततेचा इशारा येईल, होय म्हणा. नंतर रिसीव्हरचं बटण दाबून दिवा लुकलुकू द्या आणि कंट्रोलरच्या पुढच्या कडेचं छोटं बटण दाबा. दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावलंत तर हे पुन्हा करावं लागू शकतं, म्हणून पोर्ट एकच ठेवा. चार्जिंगची केबल जोडून हा कंट्रोलर ओळखला जाईल अशी आशा करू नका. त्या केबलमधून फक्त वीज जाते.

प्रश्न : फसलेला ड्रायव्हर काढला तरी अडॅप्टर लावताच परत येतो. (एक वाचक, औंध)

उत्तर : त्याची प्रत ड्रायव्हर स्टोअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या ड्रायव्हर साठवण्याच्या फोल्डरमध्ये, उरते. अडॅप्टर जोडलेला असतानाच डिव्हाइस मॅनेजरमधून अनइन्स्टॉल निवडा, ड्रायव्हरही काढून टाकण्याच्या चौकटीत खूण करा, मग अडॅप्टर उपसून संगणक रीस्टार्ट करा.