आजोबांचा जुना घडीचा चाकू आणि एक आधुनिक चाकू, रोज दोन्ही जवळ बाळगण्यात अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की आजोबांचा लाकडी मुठीचा घडीचा चाकू तुमच्याकडे आलाय, आणि आता एका हाताने उघडणारा, क्लिपवाला चाकूही घ्यावासा वाटतोय. एकच ठेवावा की दोन्ही, ते ठरत नाही. दोन्ही ठेवा. मी चौदा वर्षं तेच करतोय. फक्त घेण्याआधी दोघांची कामं वाटून टाका, नाहीतर एक खिशात राहतो आणि दुसरा कपाटात.

माझं काम शेतात सौर पंप बसवण्याचं. फिरती सांगली-सोलापूरकडे. दिवसभर केबल सोलायची, पॅनलच्या खोक्यांच्या पट्ट्या कापायच्या, आणि दुपारी बांधावर बसून त्याच हातांनी कांदा-काकडी चिरायची. सुरुवातीला एकाच चाकूवर सगळं चालायचं. कितीही धुतला तरी काकडीच्या फोडीला केबलच्या रबराचा वास यायचा. तेव्हापासून नियम केला: एक पातं कामाचं, एक पातं खाण्याचं.

दुसरं कारण बोटावर आहे. माझ्याकडेही आजोबांचा चाकू होता. त्याला लॉक नव्हतं, पातं फक्त पाठीच्या स्प्रिंगच्या जोरावर उभं राहायचं. पाइपाच्या टोपणाला त्याच्या टोकाने भोक पाडायला गेलो. टोक अडकलं, मी दाब वाढवला आणि पातं मिटलं ते थेट तर्जनीवर. चार टाके पडले. चूक चाकूची नव्हती. सरळ कापताना दाब धारेवर येतो, तो पातं उघडंच ठेवतो, म्हणून बिनलॉकचा चाकू कापायला बिनधास्त वापरावा. खुपसायला, पिळायला, उचकटायला तो नाही. भोक पाडायचं असेल तर लॉकवालाच घ्या. उचकटायला मात्र कुठलाच चाकू घेऊ नका, त्याला स्क्रू ड्रायव्हर आहे.

आता लोक विचारतात, लॉकवाला आहे तर जुना कशाला? एक सफरचंद घ्या आणि दोन्हींनी कापून बघा. आधुनिक चाकूंची पाती पाठीला बहुधा तीन मिलिमीटरच्या आसपास जाड असतात. असं पातं अर्ध्यावर जाऊन पाचरीसारखं काम करतं, सफरचंद ‘कट्’ करून फुटतं. जुन्या पद्धतीचं पातळ पातं आवाज न करता खाली उतरतं आणि फोड कागदासारखी निघते. टोमॅटोला तर फरक आणखी कळतो.

या पातळ पात्याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे ओपिनेल. जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली फ्रान्सच्या साव्हॉय भागात, आल्प्सच्या पायथ्याच्या शेतकऱ्यांसाठी तो बनवला. १८९७ पासून त्याच्या आकारांना १ ते १२ असे क्रमांक आले. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ, आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर लांब आणि पाठीला दोन मिलिमीटरपेक्षा पातळ. १९५५ साली त्याच्या गळ्यात फिरणारी पोलादी कडी आली, ती फिरवली की पातं लॉक होतं. म्हणजे जुन्या घराण्याचा असूनही बोटाला सुरक्षित. माझ्या आजोबांचा चाकू आता घरी असतो, डब्याच्या पिशवीत ओपिनेल.

पावसाळ्यात त्याची एक खोड आहे. लाकूड फुगतं, पातं मुठीत रुतून बसतं, नखाने निघत नाही. साव्हॉयमधले लोक कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकतात आणि पातं थोडं बाहेर येतं. मी दगडावर ठोकतो, तेही चालतं.

पातं कार्बन पोलादाचं असेल तर गंजाची काळजी घ्या. कैरी चिरून तसंच मिटून ठेवलंत तर तासाभरात पात्यावर काळे-निळे डाग येतात आणि पुढच्या फोडीला लोखंडाची चव लागते. कापलं की पुसा, रात्री खोबरेल तेलाचं बोट फिरवा, एवढंच. बदल्यात त्याला धार चटकन लागते. कपाच्या बुडाची न चकाकणारी कड असते ना, तिच्यावर दहा-बारा वेळा घासलं तरी काम भागतं.

आधुनिक चाकूत स्टेनलेस घ्या, कारण त्याच्या नशिबी चिखल, घाम आणि ओल. एका हाताने उघडणं मला चैन वाटायची, पण शिडीवर एक हात अडकलेला असतो तेव्हा तीच गरज होते. अंगठ्याने उघडायला पात्यात गोल भोक आणि खिशाला अडकवायला मुठीवर क्लिप, हा साचा अमेरिकेतल्या स्पायडर्को कंपनीने १९८१ साली पुढे आणला. त्यांचा डेलिका नावाचा चाकू सुमारे सात सेंटिमीटर पात्याचा, सत्तर ग्रॅमच्या आसपास वजनाचा. शर्टाच्या खिशातही जड वाटत नाही. मोठा घेऊ नका.

आता कायद्याचं. आपल्याकडे शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. दिल्लीत बटणाच्या चाकूंवर ७.६२ सेंटिमीटरपासूनच बंधन आहे. महाराष्ट्रात सणासुदीला, निवडणुकीत पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाईचे आदेश निघतात आणि त्यांत चाकूही येतात. अशा दिवसांत मी दोन्ही घरी ठेवतो. मेट्रोत नेऊ नका, विमानाला जाताना चेक-इनच्या बॅगेत टाका. बटण दाबून फटकन उघडणारा किंवा रामपुरी पद्धतीचा चाकू हौस म्हणूनही बाळगू नका. चारचौघांत तो बाहेर काढला की समोरचा दचकतो, आणि ते बरोबरच आहे.

राहिला तुमच्या आजोबांचा चाकू. त्याला बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, चढवून चकचकीत करू नका. पात्यावरची करडी झाक हा गंज नाही, ती उलट गंजापासून वाचवते. तांबडे ठिपके दिसले तर तेवढेच तेल आणि बारीक स्टीलवूलने घासा. पातं ज्यावर फिरतं त्या खिळीपाशी सुईने मळ काढा, तेलाचा एक थेंब सोडा, दहा-पंधरा वेळा उघडमीट करा. पातं आडवं डुलत नसेल तर उद्याच त्याने पेरू कापायला हरकत नाही. डुलत असेल तर खिळीवर हलक्या हाताने हातोडी मारून घट्ट करणारा एखादा जुना धारवाला गाठा. जोरात बसली तर लाकूड चिरतं, म्हणून पहिल्यांदा स्वतः करू नका.