गोल्डफिश आजारी पडला, की आधी पाणी तपासा

गोल्डफिशबद्दल आलेल्या प्रश्नांत बहुतेकांना औषधाचं नाव हवं आहे. पण घरच्या टाकीतला गोल्डफिश बिघडलेल्या पाण्यानेच जास्त दगावतो. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम सविस्तर दिलं आहे. पुढची उत्तरं त्याच्याच आधाराने वाचावीत.

दर रविवारी आम्ही टाकी पूर्ण रिकामी करतो. दगड, फिल्टरचा स्पंज, सगळं नळाखाली घासून धुतो. पाणी नितळ दिसतं, तरी दोन-तीन महिन्यांत मासे मरतात. चुकतंय कुठे? (ठाणे)

धुण्यातच चुकतंय. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे नितळ पाणीही विषारी असू शकतं. तो संपवण्याचं काम जिवाणू करतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही माशाला घातकच, नायट्रेट त्या मानाने खूपच सौम्य. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंजावर, दगडांवर आणि काचेवर चिकटून वाढतात. त्यांची पुरेशी वाढ व्हायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तुम्ही दर रविवारी त्यांना क्लोरीनच्या पाण्याने धुऊन टाकता. म्हणजे तुमची टाकी कायमच पहिल्या आठवड्यात अडकलेली आहे.

यापुढे असं करा. आठवड्यातून एकदा २५ ते ३० टक्के पाणी सायफनच्या नळीने तळाची घाण ओढत काढा आणि तेवढंच क्लोरीन काढलेलं पाणी हळूहळू भरा. नव्या पाण्याचं तापमान टाकीतल्या पाण्याइतकं असावं, एखाद्या अंशाचा फरक चालतो. स्पंज दोन-तीन आठवड्यांतून एकदा, टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात दोनदा पिळा. तो तपकिरीच राहिला पाहिजे, पांढराशुभ्र करू नका. दगड आणि स्पंज एकाच दिवशी साफ करू नका.

अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) तपासायचा थेंबांचा संच घ्या. कागदी पट्ट्यांपेक्षा तो भरवशाचा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली, शक्यतो २०च्या आसपास, हे जमलेल्या टाकीचं लक्षण. तोवर दिवसाआड तपासा. अमोनिया किंवा नायट्राइट ०.५च्या वर गेलं तर त्याच दिवशी एक तृतीयांश पाणी बदला आणि खाणं निम्मं करा. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा ओलाच आणून तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. दुधाला विरजण लावावं तसं ते काम करतं आणि आठवडे वाचतात.

पीएचकडेही लक्ष हवं. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो. संचावरचा आकडा तोच, पण धोका दसपट.

मुलीला वाढदिवसाला काचेचा बाउल आणि दोन गोल्डफिश भेट मिळाले आहेत. बाउल पुरेल ना? (कोल्हापूर)

नाही. ओरांडा, रांचू, ब्लॅक मूर असे गोल अंगाचे गोल्डफिश १५ ते २० सेंटिमीटर वाढतात, तर कॉमेट आणि साधा लांबट गोल्डफिश त्याहून मोठा होतो. नीट सांभाळला तर गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. ‘छोट्या भांड्यात छोटाच राहतो’ म्हणतात तो खरं तर खुरटलेला असतो.

गोल अंगाच्या पहिल्या माशाला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर धरा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणा आणि १,०००ने भागा, म्हणजे लिटर मिळतात. ९० × ३८ × ४५ची टाकी सुमारे १५४ लिटरची. वरची मोकळी जागा आणि खालचे दगड वजा करता १३० लिटर पाणी मावतं. दोन माशांना ती ऐसपैस होते. पाण्याचंच वजन १३० किलो, त्यात काच आणि दगड, म्हणून टीव्हीच्या कपाटावर ठेवू नका. फिल्टर तासाला टाकीच्या सहा ते दहा पट पाणी फिरवणारा घ्या. तळाला बारीक वाळू घाला, नाहीतर माशाच्या तोंडात मावणार नाहीत इतके मोठे गोटे. मधल्या आकाराचे खडे घशात अडकतात.

बाउलमध्ये एखादं पाणवनस्पतीचं रोप लावून टाका, मुलीला तेही आवडेल.

पिण्याचं आरओचं पाणी सर्वांत शुद्ध, म्हणून तेच घालतो. तरी मासे मलूल का? बोअरचं पाणी फार जड आहे. (छत्रपती संभाजीनगर)

गोल्डफिशला जड पाणी मानवतं. ७.२ ते ८.२ पीएचमध्ये तो मजेत राहतो. आरओमध्ये क्षार जवळपास सगळे निघून जातात आणि त्यांच्याबरोबर पीएच स्थिर ठेवणारी क्षारीयताही जाते. वरचे जिवाणू अमोनिया फोडताना ही क्षारीयता खर्च करत असतात. ती संपली की पीएच एकाएकी कोसळतो, जिवाणूंचं काम थंडावतं आणि मासा तळाशी बसून राहतो. ही तुमच्याकडची परिस्थिती असण्याची शक्यता मोठी आहे.

बोअरचं पाणी बादलीत काढून हवेच्या पंपाने २४ तास खळखळवा आणि मग पीएच मोजा. ताज्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आकडा खाली दाखवतो. पीएच ८.४च्या आत असेल तर तेच पाणी वापरा. फारच जड वाटलं तर निम्मं बोअर, निम्मं आरओ. बदल एकदम नको, दर आठवड्याच्या पाण्याबरोबर थोडा थोडा करा. सध्याच्या टाकीची क्षारीयता खूप खाली असेल तर १०० लिटरला ५ ग्रॅम खायचा सोडा पाण्यात विरघळवून घातल्यास ती लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅमने वाढते. मात्र आधी अमोनिया तपासा. तो असेल तर पीएच चढताच विषारी होईल, म्हणून आधी पाणी बदलून तो खाली आणा.

नळाच्या आणि टँकरच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते उघड्या बादलीत दिवसभरात उडून जातं. काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, ते तसं उडत नाही. टँकरमधल्या क्लोरीनचा तर काही नेमच नसतो. त्यामुळे अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या प्रमाणात घालणं सुरक्षित.

सकर मासा सोडला तर टाकी आपोआप साफ राहील का? (सातारा)

नाही, तो घाण वाढवतो. शिवाय रात्री गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्यावरचा चिकट थर खातो. तिथे जखमा होतात आणि त्यांत बुरशी शिरते. काचेवरचं शेवाळ चुंबकाच्या घासणीने काढा आणि दिवा आठ-दहा तासांपेक्षा जास्त ठेवू नका. आधीच आणला असेल तर दुकानात परत द्या, नदीत किंवा तळ्यात अजिबात सोडू नका.

आमचा ओरांडा खाल्ल्यानंतर उलटा तरंगतो. दुकानदाराने निळं औषध दिलं आहे. घालू का? (पुणे)

घालू नका. ते निळं औषध बहुधा मिथिलीन ब्लू असतं. ते बुरशीवर चालतं, वाताशयाच्या (माशाला पाण्यात तोल राखू देणाऱ्या हवेच्या पिशवीच्या) तक्रारीवर नाही, आणि फिल्टरमधले जिवाणू मात्र मारतं. कधी वापरावं लागलंच तर वेगळ्या टबात.

गोल्डफिशला जठर नसतं, खाल्लेलं थेट आतड्यात जातं. त्याचं वाताशय अन्ननलिकेला जोडलेलं असतं. तरंगणारे दाणे खाताना तो हवाही गिळतो. कोरडे दाणे आत गेल्यावर फुगतात. ओरांडासारख्या आखूड अंगाच्या जातीत आतल्या अवयवांना मुळातच जागा कमी, त्यामुळे तोल जातो.

दोन-तीन दिवस काही खायला देऊ नका. मग मटारचा दाणा उकडून, साल काढून, बारीक करून द्या. त्यानंतर नेहमीसाठी बुडणारे दाणे घ्या आणि ते टाकीच्या पाण्यात पाच मिनिटं भिजवून मगच घाला. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल किडे, टाळा. तो गाळ आणि सांडपाण्याच्या जागेतून येतो आणि रोग घेऊन येतो. गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) आठवड्यातून एकदा चालतील.

एवढं करूनही तो तरंगतच राहिला तर दोष जन्मजात असू शकतो. असा मासा पुष्कळ दिवस जगतो, फक्त पाण्याबाहेर उघडी पडणारी त्वचा कोरडी होऊन लाल पडते का ते रोज बघा आणि फिल्टरचा झोत मंद करा. अंग फुगून खवले उभे राहिले असतील तर मात्र ते जलोदराचं लक्षण आहे. त्या वेळी माशांची माहिती असलेल्या पशुवैद्यांना दाखवा.

माशाच्या कल्ल्यांवर पांढरे ठिपके आले आहेत. संसर्ग आहे का? (नाशिक)

आधी ठिपके कुठे आहेत ते पाहा. फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काट्यावर ओळीने बारीक दाणे असतील आणि मासा चपळपणे दुसऱ्यांचा पाठलाग करत असेल, तर तो वयात आलेला नर आहे. औषध लागत नाही.

ठिपके शेपटीवर आणि अंगावर विखुरलेले असतील, मासा दगडांवर अंग घासत असेल, पर मिटून राहत असेल, तर तो व्हाइट स्पॉट नावाचा आजार. त्याचा परजीवी त्वचेखाली असताना औषधाला दाद देत नाही. तो पिकून गळतो, तळाशी कोश करतो आणि त्यातून शेकडो पिल्लं पोहत बाहेर पडतात. ती मारायची असतात. त्यासाठी खडेमीठ स्वस्त आणि चांगलं.

लिटरला १ ग्रॅम मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून घाला. १२ तासांनी पुन्हा १ ग्रॅम, आणखी १२ तासांनी पुन्हा १. म्हणजे १०० लिटरला एकूण ३०० ग्रॅम. चमच्याने मोजू नका, काट्यावर वजन करा. पाणी बदललं तर फक्त बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ भरा. बाष्पीभवनाने मीठ उडत नाही, त्यामुळे आटलेल्या पाण्याच्या जागी साधं पाणी घाला. हे दोन आठवडे ठेवा. ठिपके पाचव्या-सहाव्या दिवशी दिसेनासे होतात आणि बरेच जण तिथेच थांबतात. मग कोशांतून नवी पिढी बाहेर येते. पाणवनस्पतींना एवढं मीठ सोसत नाही, त्या आधी काढून ठेवा.

उन्हाळ्यात टाकीचं पाणी ३३ अंशांवर जातं, त्यात वीजही जाते. काय करावं? (नागपूर)

गोल अंगाच्या गोल्डफिशला १८ ते २४ अंश उत्तम. गरम पाण्यात दुहेरी अडचण होते. २० अंशांना पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात, आणि त्याच वेळी माशाची ऑक्सिजनची गरज वाढते. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, की समजा कमी पडतोय.

झाकण काढून जाळी ठेवा आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा. विदर्भाच्या कोरड्या हवेत तापमान दोन ते चार अंशांनी उतरतं. मुंबईच्या दमट हवेत तेवढं नाही. बर्फाच्या बाटलीचा हिशोब असा: १ लिटरची गोठवलेली बाटली १०० लिटर पाणी साधारण एका अंशाने थंड करते. तासाला एका अंशापेक्षा जास्त उतरू देऊ नका. या दिवसांत खाणं निम्म्यावर आणा. हीटर आपल्याकडच्या गोल्डफिशला सहसा लागतच नाही, संचात मिळाला असेल तरी उन्हाळ्यात काढून ठेवा.

विजेसाठी बॅटरीवरचा हवेचा पंप घेऊन ठेवा. नसेल तर मगने पाणी काढून फूटभर उंचीवरून ओता, दर अर्ध्या तासाला काही मिनिटं. बंद डब्याचा फिल्टर चार-पाच तास थांबला तर आतलं पाणी फेकून, स्पंज टाकीच्या पाण्यात धुऊन मगच चालू करा. नाहीतर आत साचलेली घाण थेट माशांवर येते. आणि हवेचा पंप टाकीच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात शिरतं.

गोल्डफिशला तीन सेकंदच आठवतं का? त्याच्याशी खेळता येतं का? (इयत्ता सहावी, म्हापसा)

तीन सेकंदांची गोष्ट खोटी आहे. शिकलेली गोष्ट गोल्डफिश कित्येक आठवडे लक्षात ठेवतो. तू त्याला शिकवून बघ. खाणं देताना दरवेळी एकच लाल चमचा काचेजवळ धर, मग दाणा घाल. काही दिवसांनी तो चमचा बघूनच येईल. मग चमचा थोडा लांब धर आणि तो जवळ आला की दाणा दे. त्याला रंग छान दिसतात. काचेवर टकटक मात्र करू नकोस. त्याचं वाताशय बारीक हाडांनी कानाशी जोडलेलं असतं, त्यामुळे त्याला फार चांगलं ऐकू येतं आणि तो दचकतो. त्याला पापण्या नसतात, म्हणून रात्री दिवा बंद कर.

गणपतीला आठवडाभर गावी जातो. माशांच्या खाण्याचं काय? (डोंबिवली)

सात-आठ सेंटिमीटरचे निरोगी मासे आठवडाभर उपाशी सहज राहतात. शेजाऱ्यांना डबा देऊन जाऊ नका, मायेपोटी जास्त घातलं जातं आणि पाणी नासतं. द्यायचंच असेल तर दिवसाआडच्या पुड्या बांधून ठेवा. मासे अगदी लहान असतील तर पुड्या हव्यातच. पाण्यात ठेवायचे पांढरे ठोकळे टाळा, तेही पाणी खराब करतात. निघण्याच्या दोन दिवस आधी ३० टक्के पाणी बदला. बाहेर पडताना घराचा मेन स्विच बंद करायची सवय असेल तर या वेळी फक्त बाकीच्या खोल्यांचे स्विच पाडा, फिल्टरचा चालूच राहू द्या. परतल्यावर पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्मं खाणं द्या.