आराखडा नीट, निधी आहे, तरी गरीब कुटुंबं सुटली: तारखा बघा

तुम्ही लिहिलंय की नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठकडच्या पाड्यांवर गरिबी निर्मूलनाच्या आराखड्यासाठी सभा झाल्या, निधीची तरतूद झाली, तरी सगळ्यात गरीब कुटुंबंच यादीत नाहीत. हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. जागतिक बँक आणि नाणेनिधीने 1999 मध्ये अशा आराखड्यांसाठी मांडलेली लोकसहभाग, निष्पत्ती, दीर्घ पल्ला ही तत्त्वं तुमच्या पोस्टमध्ये आहेतच, ती परत उगाळत नाही.

घोडं अडलंय तारखांवर. गाव आराखड्याची (ग्रामपंचायत विकास आराखड्याची) मोहीम 2 ऑक्टोबरला सुरू होते आणि थंडीत चालते. नेमकी त्याच सुमारास भात-नागली उरकून माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात. थिनिंग (घडातले जादा मणी काढणं), डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), मग काढणी. बरीच घरं शिमग्यालाच उघडतात. मग ग्रामसभेचा कोरम भरायला रजिस्टर घरोघरी फिरतं, सह्या होतात आणि ठरावात ‘सर्वानुमते’ लागतं. महिला बचत गटांच्या आराखड्यातून गरीब येतील म्हणावं, तर तिथे पंचसूत्र, म्हणजे गटाचे पाच नियम, आडवं येतं. दर आठवड्याची बैठक आणि बचत बागेवरच्या बाईला कशी जमणार? ती गटाबाहेर, म्हणून आराखड्याबाहेर.

वरच्या पातळीवरही तेच. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात 12 निकष आहेत, पण मजुरी किंवा स्थलांतर त्यात नाही. कुलूपबंद घरात वीज मीटर, गॅस आणि बँक खातं असलं की तेवढे निकष सुटले, कुटुंब सहा महिने ताडपत्रीखाली का असेना. शिवाय निफाड आणि सुरगाण्याची एकत्र जिल्हा सरासरी काढली तर सुरगाणा दिसणारच नाही.

माझ्या मते (नियम बदलतात, ताजं परिपत्रक बघून घ्या) कुटुंबांची यादी होळी ते जून या काळातच करावी. पाड्यानिहाय चार रकाने पुरतात: कुटुंब, कोणत्या महिन्यांत बाहेर, कुठल्या गावी, मुकादमाची उचल किती. शेवटचा रकाना लोक गाळतात, पण उचल घेतलेलं कुटुंब गावात काम निघालं तरी थांबू शकत नाही. म्हणून रोजगार हमीची मागणी उचल वाटली जाण्याआधी, दिवाळीपूर्वीच नोंदवा. यादी अंगणवाडीच्या सर्वेक्षण रजिस्टरशी आणि शाळेच्या हजेरीशी ताडून पाहा. ऑक्टोबरच्या सभेत ती ठरावाला जोडपत्र म्हणून लावा, नुसती वाचून दाखवू नका.

आम्हाला सगळ्यात महागात पडलं ते एक कार्यालय. पुरवणी यादी नेली की ‘पोर्टल बंद झालं, पुढच्या वर्षी या’. पोच मागितली तर ‘साहेब नाहीत’. लेखी नकार कधीच नाही, त्यामुळे अपील करायलाही कागद नाही. अशा ठिकाणी हातोहात अर्ज देऊच नये. स्पीड पोस्टने पाठवा, पावती ठरावाच्या प्रतीला टाचा आणि महिनाभराने माहिती अधिकारात फक्त आवक क्रमांक विचारा. राष्ट्रीय धोरणात तक्रार निवारणावर पानंच्या पानं असतात, पण हातात पोचपावतीच नसेल तर ती कोरडीच.

जाता जाता: पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे तिथे) पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करून घेता येतं. वेळ लागतो, पण मग सभा कधी घ्यायची हे मोठं गाव ठरवत नाही. आणि 5 टक्के पेसा निधीचा (आदिवासी उपयोजनेतून थेट येणाऱ्या पैशाचा) हिशेब पाड्यावरच मागा.